कागद, शेजार आणि अंतर: लकडगंजमध्ये घर घेण्याच्या निर्णयाचा इतिहास

१/
घर घेणारा माणूस काय पाहतो? खोल्या, उजेड, पाणी, किंमत, असे उत्तर सहज दिले जाते. नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंजमध्ये मात्र या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या क्रमाने येते. तेथील व्यवहारात आधी कागद पाहिला जातो, मग शेजार, मग दुकानापासूनचे अंतर. खोल्यांचा विचार त्यानंतर. हा क्रम एखाद्या पिढीच्या लहरीतून आलेला नाही. संस्थानाचे विलीनीकरण, रेल्वे, जंगल, १९३६चा एक कायदा, १९४९चा एक आदेश आणि न्यायालयांचे काही निकाल यांनी तो घडवला आहे. एका वस्तीतील गिऱ्हाइकाच्या मनात इतका इतिहास कसा साठला, याचा हा मागोवा.

२/
सुरुवात जुन्या शहरापासून करावी लागते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा लहान खेड्यांची जुळणी करून नागपूर वसवले. पुढे चांद सुलतानाने त्याला तटबंदी दिली आणि त्या शतकाच्या मध्यास सत्ता भोसल्यांकडे गेली. या शहरात ‘घर निवडणे’ ही कल्पना जवळजवळ नव्हतीच. राजवाड्याभोवती महाल, आठवडी बाजारांच्या नावांनी इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, आणि कारागिरांच्या ओळी. चितार ओळीसारखी नावे आजही सांगतात की माणूस जेथे काम करी तेथेच राही. घर वारशाने मिळे आणि धंदाही त्याच उंबरठ्यावरून चाले. जागा बदलणे म्हणजे गिऱ्हाईक, जात आणि देऊळ तिन्ही बदलणे. असा निर्णय सहसा कोणी घेत नसे.

३/
१८५३च्या डिसेंबरात तिसऱ्या रघुजींचा मृत्यू झाला आणि औरस वारस नसल्याच्या सबबीवर डलहौसीने १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. घरांच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. एक, शहरातील सरकारी मालकीच्या जमिनींचा ‘नझूल’ हा प्रकार इंग्रजी अमलात पक्का झाला. अशा जमिनीवर राहणारा मालक नसे, पट्टेदार असे. दोन, १८६१ साली मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. सीताबर्डीच्या पश्चिमेस अधिकाऱ्यांचे बंगले उभे राहिले, तर व्यापार पूर्वेकडे इतवारीतच राहिला. शहराचे पश्चिमेकडे कचेरी आणि पूर्वेकडे पेढी असे दोन स्वभाव तेव्हापासून पडले. पुढे घर घेणाऱ्याने कोणती दिशा धरावी, याचे अर्धे उत्तर याच विभागणीत होते.

४/
१८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतर छत्तीसगडच्या दिशेने लोहमार्ग गेला, बंगाल नागपूर रेल्वेने तो हावड्याशी जोडला आणि इतवारी हे मालाचे ठाणे बनले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इतवारीहून नागभीडकडे अरुंद रुळांची गाडी निघाली. ती २०१९ पर्यंत धावत होती. या मार्गांच्या पलीकडे चांदा, भंडारा, बालाघाटची जंगले होती. आलापल्ली आणि बल्लारशा परिसरातील सागवान ‘सीपी टीक’ या नावाने देशभर ओळखले जाई. ‘सीपी’ म्हणजे मध्य प्रांत. प्रांत नकाशावरून गेला, पण लाकडाच्या बाजारात ते नाव टिकून राहिले.

५/
‘गंज’ हा शब्द फारसी. मूळ अर्थ खजिना, साठा; हिंदुस्थानात तो ठोक मालाच्या बाजाराला लागू झाला. लकडगंज म्हणजे लाकडाचा गंज. ओंडके उतरवायला, वाळवायला आणि कापायला मोकळी जागा लागते, बैलगाडी किंवा ट्रक वळेल असा रस्ता लागतो, आणि रेल्वेचा माल धक्का जवळ लागतो. जुन्या इतवारीच्या बोळांत यांपैकी काहीच मिळणे शक्य नव्हते. म्हणून लाकडाचा व्यापार इतवारीच्या पूर्वेस, शहराच्या कडेला सरकला. आरागिरण्या, वखारी, दारे-खिडक्या घडवणारे सुतार, पलंग-कपाटांची दुकाने असा धंद्याचा पसारा तेथे वाढला. वस्ती या धंद्याच्या मागोमाग आली. हा क्रम लक्षात ठेवला म्हणजे पुढील शंभर वर्षांतील बहुतेक निर्णय उलगडतात.

६/
शहराची दाटी मात्र वाढतच होती. १९०१च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर होती. १९४१ साली ती तीन लाखांच्या घरात गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथींनी दाट वस्तीची भीती लोकांच्या मनात बसवली होती. हवा खेळती असावी, गटार झाकलेले असावे, घराघरांत अंतर असावे, हे विचार त्या काळात सरकारी अहवालांतून सामान्य संसारात उतरले. मुंबईत प्लेगनंतर १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला होता. नागपुरास त्याच धर्तीवर ‘नागपूर सुधार प्रन्यास अधिनियम, १९३६’ मिळाला आणि १९३७ साली प्रन्यासाचे काम सुरू झाले. नागपूरकर आजही त्या संस्थेला ‘एनआयटी’ किंवा ‘नासुप्र’ म्हणतात. या शहरात घर घेण्याचा इतिहास तिच्याशिवाय लिहिता येत नाही.

७/
नासुप्रची पद्धत अशी: जमीन संपादित करायची, रस्ते, नाले, मैदाने आखायची आणि उरलेल्या जमिनीचे भूखंड पाडून ते लिलावाने वा वाटपाने द्यायचे. द्यायचे ते मालकीने नव्हे, तर बहुधा तीस वर्षांच्या नूतनीकरणक्षम पट्ट्याने. पट्टेदाराने सुरुवातीला ठोक रक्कम भरायची आणि पुढे दरवर्षी भूभाटक. भूखंडाचा वापर राहण्यासाठी की व्यापारासाठी, हे पट्ट्यातच लिहिलेले असे. जुन्या शहरातून सरळ कापत जाणारा सेंट्रल अॅव्हेन्यू आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या योजना हे या विचाराचे सर्वांत ठळक रूप. लकडगंज आणि पुढील वर्धमाननगर, स्मॉल फॅक्टरी एरिया हे भाग अशाच आखणीतून आकाराला आले. येथे प्रथमच सामान्य गिऱ्हाइकासमोर खरी निवड उभी राहिली. भूखंड क्रमांक कोणता, रस्ता किती फुटांचा, कोपऱ्याचा की मधला, हे प्रश्न वारशाच्या घरात कधी उद्भवले नव्हते.

८/
मग पूर्वेकडे कोण आले? ज्यांची दुकाने इतवारीत वा लकडगंजात होती ते. कच्छी पाटीदार समाजातील अनेक कुटुंबे देशभर आरागिरण्या आणि लाकडाच्या व्यापारात शिरली होती; नागपूर त्या जाळ्यातील एक ठाणे होते. त्यांच्याबरोबर कच्छी ओसवाल, मारवाडी आणि इतर व्यापारी घराणी होती, तशीच आरागिरणीत आणि वखारीत राबणारी मराठी, हिंदी भाषक, छत्तीसगडी कुटुंबेही. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. लकडगंजातील ‘क्वेटा कॉलनी’ हे नाव बलुचिस्तानातील एका शहराची आठवण नागपूरच्या पत्त्यावर आजही जिवंत ठेवते. १९५१ पर्यंत शहराची लोकसंख्या साडेचार लाखांच्या आसपास पोहोचली होती. दहा वर्षांत दीडपट. इतक्या लोकांना छप्पर हवे होते आणि ते कोठे मिळते याला आता पर्याय होते.

९/
व्यापाऱ्याच्या हिशेबात अंतराला वेगळी किंमत असते. दुपारी जेवायला घरी जाता यावे, रात्री उशिरा ट्रक आला तर दहा मिनिटांत वखारीत पोहोचता यावे, म्हाताऱ्या वडिलांना गल्ल्यावर बसवून मुलाला वसुलीसाठी जाता यावे. पश्चिमेकडील धरमपेठ किंवा रामदासपेठेची झाडी त्याला आवडत नसे असे नाही; पण त्या झाडीची किंमत रोजच्या फेऱ्यांत मोजावी लागे. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९५०च्या दशकात मांडले की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. आपल्या अटींना पुरेसा उतरणारा पहिला पर्याय स्वीकारतो. या कामाबद्दल त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लकडगंजातील घरखरेदी हे या सिद्धांताचे चालते-बोलते उदाहरण ठरावे. तेथे पहिली अट अंतराची असे. ती पुरी झाली की शोधाचे वर्तुळ आपोआप चार-सहा गल्ल्यांपुरते आकसे.

१०/
दुसरी अट शेजाराची. ‘आपली माणसे’ जवळ असणे हे भावनेइतकेच व्यवहाराचे होते. उधारी ओळखीवर चाले, सोयरीक ओळखीवर जुळे, सणाचे जेवण आणि अंत्ययात्रेचे खांदे याच गल्लीतून येत. समाजभवने आणि मंदिरे उभी राहिली तशी ही ओढ आणखी घट्ट झाली. १९७१ साली थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले की शेजारात थोडे तरी आपल्यासारखे असावेत, एवढ्या सौम्य इच्छेतूनही अख्खे शहर कप्प्याकप्प्यांत विभागले जाऊ शकते. कोणीही द्वेष बाळगण्याची आवश्यकता नसते. पण जेथे द्वेष वा संकोच असतो तेथे हा कप्पा कुलूपबंद होतो. ज्याच्या आडनावावरून दार बंद होते त्याच्या दृष्टीने ‘चांगला शेजार’ ही एक भिंतच असते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारी उपविधी वैध ठरवली. घराच्या बाजारात समतेचा प्रश्न अजून उघडाच आहे.

११/
तिसरा घटक आला तो कायद्याच्या वाटेने. ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९’ हा आदेश विदर्भात अर्धे शतक लागू राहिला. त्याअन्वये भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्याआधी घरमालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. घर रिकामे झाले की त्याची खबर सरकारला द्यावी लागे आणि सरकार ते आपल्या पसंतीच्या गरजूला, बहुधा नोकरदाराला, वाटून देऊ शके. हेतू टंचाईच्या काळात भाडेकरूचे रक्षण करण्याचा होता आणि असंख्य कुटुंबांना त्याचा आधार मिळाला. परिणाम मात्र दुहेरी झाला. घर भाड्याने देणे म्हणजे गमावणे, ही समजूत मालकांत रुजली. भाड्याची नवी घरे कमी झाली. आणि ज्याला जमेल त्याने स्वतःचा भूखंड घ्यावा, हा सल्ला घराघरांत पक्का झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा तो आदेश गेला, सल्ला राहिला.

१२/
१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर राजधानी उरली नाही. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. १९५३च्या नागपूर करारातून हिवाळी अधिवेशनाची सोय झाली, पण मंत्रालय गेले ते गेलेच. कचेरीवर जगणाऱ्या पश्चिम नागपूरला हा थेट धक्का होता. पूर्वेकडील लाकूड, धान्य आणि कापड यांचा बाजार राजधानीवर नव्हे, रेल्वे आणि मध्यवर्ती स्थानावर उभा होता. म्हणून लकडगंजमध्ये घर घेणाऱ्याचा आत्मविश्वास पगारावर अवलंबून राहिला नाही. त्याच्या दृष्टीने घर हे धंद्यातील भांडवलाचाच एक भाग होते. मंदीत गहाण टाकता येईल, मुलगा वेगळा झाला तर मजला देता येईल, असे.

१३/
याच काळात शहराच्या कडेने दुसरा बाजार वाढत होता. मौजा वाठोडा, मौजा पारडी, मौजा भरतवाडा अशा खेड्यांतील शेतजमिनींचे तुकडे पाडून ‘ले-आउट’ विकले जाऊ लागले. रस्ता कागदावर, नाली कागदावर, मंजुरी नाही. खसरा क्रमांक दाखवून विक्रीपत्र होई आणि कष्टकरी कुटुंब त्यावर विटांच्या दोन खोल्या उभारी. नागपूरच्या भाषेत ‘५७२ ले-आउट’ आणि ‘१९०० ले-आउट’ हे आकडे आजही सामान्य नामासारखे वापरले जातात. अनधिकृत ठरलेल्या आणि नियमितीकरणासाठी नासुप्रकडे आलेल्या अभिन्यासांचे ते दोन गट. लकडगंजच्या आरागिरणीत काम करणारा माणूस लकडगंजात भूखंड घेऊ शकत नव्हता. त्याच्यासमोर साधी पण कठोर निवड होती: पक्का कागद परवडत नाही, कच्चा कागद परवडतो.

१४/
अशा बाजारात विकणाऱ्याला सर्व ठाऊक असते आणि घेणाऱ्याला फार थोडे. १९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवले की खऱ्या-खोट्याची पारख करता येत नसेल तर चांगला मालही पडत्या भावात जातो आणि अखेरीस बाजारातून बाहेर पडतो. विश्वासाची ही पोकळी भरण्यासाठी खुणा लागतात. महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम, २००१ नंतर अशी एक खूण सर्वतोमुखी झाली: ‘आरएल’, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र. विकास शुल्क भरून ते मिळाले की भूखंडाची पत एकदम बदलते. आज पूर्व नागपुरात प्लॉटची चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. ‘आरएल झाले आहे का?’ हा असतो. दोन रोमन अक्षरांच्या या नावामागे हजारो कुटुंबांची दशकांची धास्ती आहे.

१५/
लकडगंजच्या पट्ट्याच्या भूखंडांवर धास्ती निराळी. पट्टा कोणत्या साली संपतो, नूतनीकरण झाले का, भूभाटक थकले आहे का, राहण्याच्या जागेत दुकान काढून अटींचा भंग झाला आहे का, हस्तांतरणाला नासुप्रची परवानगी मिळेल का, हे सारे पाहावे लागते. नगर भूमापनाची आखीव पत्रिका हाती घेऊन जुना पट्टा, त्यावरील नावे आणि विक्रीपत्रांची साखळी जुळवली जाते. इसाराची रक्कम दिल्यावर वकिलामार्फत वृत्तपत्रात जाहीर सूचना येते: कोणाचा हक्क वा हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावे. ही छोटी चौकट एका अर्थाने सार्वजनिक सुनावणीच असते. शहराला विचारलेला तो प्रश्न असतो, या घरावर आणखी कोणाचा हात आहे काय?

१६/
आणि हात पुष्कळदा निघतो, बहुधा बहिणीचा. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात सुधारणा करून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, तरी त्या सुधारणेआधी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्रीय दुरुस्तीत ही विवाहाची अट राहिली नाही आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वडील २००५ साली हयात असणे आवश्यक नाही. व्यापारी घराण्यांच्या वडिलोपार्जित घरांवर याचा परिणाम खोल झाला. पूर्वी चार भावांच्या सह्या पुरत. आता सासरी गेलेल्या बहिणींची संमती किंवा हक्कसोडपत्र नसेल तर सावध गिऱ्हाईक पुढे सरकत नाही. कायद्याने दिलेला हक्क अनेक घरांत प्रथम मान्य झाला तो न्यायासाठी नव्हे, खरेदीदाराच्या आग्रहामुळे. राखीच्या दिवशी आपुलकीने मागितलेली सही आणि खुशीने सोडलेला हक्क यांतील सीमारेषा मात्र कोणताही दस्त दाखवत नाही.

१७/
घर विकत घेण्याच्या पैशालाही इतिहास आहे. आधी शिल्लक, दागिने, भिशी आणि नातलगांची बिनव्याजी उसनवार एवढीच साधने होती. १९७७ साली एचडीएफसीची स्थापना झाली आणि सामान्य कुटुंबाला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज ही कल्पना हळूहळू रुजली. १९९०नंतर बँकाही त्यात उतरल्या. त्यामुळे निर्णयाच्या बैठकीत तिसरा माणूस येऊन बसला, बँकेचा वकील. त्याचा शोध अहवाल अनुकूल नसेल तर कर्ज नाही, आणि कर्ज नसेल तर व्यवहार नाही. व्यापाऱ्याचे उत्पन्न खात्यावर जितके दिसते तितकेच कर्ज मिळते, म्हणून विवरणपत्राची शिस्त घराच्या स्वप्नाशी जोडली गेली. पूर्वी शब्दावर चालणारा व्यवहार कागदावर आला तो असा. उपदेशाने आला नाही.

१८/
दरम्यान लाकडाचेच दिवस पालटले. १९८०चा वन संवर्धन अधिनियम, १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर घातलेले कडक निर्बंध आणि २००२ साली नव्या आरागिरण्यांच्या परवान्यांवर आलेले नियंत्रण यांमुळे देशी सागवान दुर्मीळ झाले. बाजार आयात लाकडाकडे वळला. प्लायवूड, अॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसीने सुताराचे काम कमी केले. वखारीचा मोठा भूखंड लाकडापेक्षा इमारतीसाठी अधिक मोलाचा ठरू लागला. महाराष्ट्रात १९६३चा मालकी सदनिका कायदा आणि १९७०चा अपार्टमेंट मालकी कायदा आधीपासून होतेच. लकडगंजात आणि वर्धमाननगरात बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. भुसा, आगीची भीती, पहाटेचा करवतीचा आवाज या गोष्टी पूर्वी उपजीविकेच्या खुणा होत्या. नव्या सदनिकेत राहायला आलेल्या कुटुंबासाठी त्या तक्रारीचे विषय झाले. ज्या बाजाराने वस्तीला नाव दिले तोच आता वस्तीला नकोसा वाटतो, हा या इतिहासातील सर्वांत बोचरा पालट.

१९/
अलीकडच्या वर्षांत मोजपट्ट्या पुन्हा बदलल्या. १ मे २०१७ पासून महारेरामुळे नव्या प्रकल्पांची नोंदणी, मुदत आणि क्षेत्रफळ उघड झाले. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली. दस्तावर स्त्रीचे नाव येण्यास हिशेबाचे कारण मिळाले. ११ डिसेंबर २०२२ रोजी मेट्रोची मार्गिका सीताबर्डीहून प्रजापतीनगरपर्यंत सुरू झाली आणि टेलिफोन एक्स्चेंज, आंबेडकर चौक, वैष्णोदेवी चौक ही स्थानके लकडगंजच्या दाराशी आली. पूर्व-पश्चिम हे जुने अंतर प्रथमच मिनिटांत मोजता येऊ लागले. भांडेवाडीच्या कचराभूमीची दुर्गंधी कोणत्या वाऱ्याला कुठवर येते, याचा अंदाज मात्र पूर्वेकडील खरेदीदार अजूनही स्वतः फिरूनच घेतो. तर २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरीच्या पाण्याने पश्चिमेकडील प्रतिष्ठित वस्त्या बुडाल्या आणि महाग पत्ता म्हणजे सुरक्षित घर, ही समजूतही वाहून गेली.

२०/
आज खरा पेच घराघरांत पिढ्यांमध्ये आहे. मिहान आणि वर्धा मार्गाच्या परिसरात, बेसा-मनीषनगरकडे नवी घरे मिळतात. नोकरी करणारी मुले तिकडे पाहतात, काही तर पुणे वा बंगळुरूकडे. आई-वडील म्हणतात, दुकान येथे, समाज येथे, डॉक्टर ओळखीचा, भाजीवाला ओळखीचा. मुले म्हणतात, दुकान पुढे चालवणार कोण? दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या काळाला धरून आहे. अंतराची अट दुकानाने घातली होती. दुकानच नसेल तर अट कशाची? शेजाराची अट उधारी आणि सोयरिकीने घातली होती. दोन्ही फोनवर जुळू लागल्या तर गल्ली कशासाठी? तिन्हींपैकी एकच अट अबाधित दिसते, ती कागदाची. उलट ती अधिकच कडक झाली आहे.

२१/
स्थानिक इतिहासाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी येथे एक धडा आहे. लकडगंजमधील एखादे जुने विक्रीपत्र हाती आले तर ते केवळ मालमत्तेचा दस्त म्हणून वाचू नये. ‘मौजा’ आणि ‘खसरा’ या शब्दांत जुनी महसूल व्यवस्था आहे. ‘नझूल’मध्ये १८५४ आहे, ‘पट्टा’ आणि ‘भूभाटक’ यांत १९३६ आहे. चतुःसीमेत शेजाऱ्यांची नावे आहेत, म्हणजे वस्तीची सामाजिक रचना आहे. संमतीदार म्हणून सही करणाऱ्या बहिणींत १९९४ आणि २००५ आहे. कर्जाच्या बोज्याच्या नोंदीत एका कुटुंबाची पुढची वीस वर्षे आहेत. राजांचे इतिहास बखरीत सापडतात. सामान्य माणसाने आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय कसा घेतला, हे दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील दप्तरात सापडते. ते दप्तर वाचणारे इतिहासकार मात्र अजून थोडे आहेत.